खारं पाणी, गोडं पाणी : अमरावती-अकोल्याची जमीन आणि माणसे

अमरावती जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला २३७ माणसे राहतात आणि अकोल्यात ३२०. २०११ च्या जनगणनेचे हे आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून या दोन जिल्ह्यांविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातल्या दोन तालुक्यांनी अमरावती जिल्ह्याची साधारण एक तृतीयांश जमीन व्यापली आहे. तिथे राहतात जिल्ह्यातल्या दहा माणसांतले एक. उलट एकट्या अमरावती शहरात साडेसहा लाख लोक, म्हणजे पाचांतल्या एकाहून जास्त. या दोन टोकांची गोळाबेरीज करून काढलेला २३७ हा आकडा जिल्ह्यातल्या कुठल्याच गावाला लागू पडत नाही. सरकारला सरासरी लागते, तिच्यावर निधी वाटला जातो, म्हणून ती काढावी लागते हे खरे. मात्र वऱ्हाडात कोण कुठे राहतो आणि तिथेच का राहतो, हे समजून घ्यायचे तर सरासरी बाजूला ठेवून विहिरीत डोकवावे लागते. पाणी किती खोल आहे आणि ते गोड आहे की खारे, या दोन प्रश्नांनीच इथल्या लोकवस्तीचा नकाशा काढला, असे माझे मत आहे. राजे, रेल्वे आणि कापूस यांनी त्यावर फेरफार केले, पण ते नंतर.

पुढच्या पानांत अमरावतीच्या १४ आणि अकोल्याच्या ७ अशा २१ तालुक्यांची ओळख आहे. दोनच जिल्हे का, असे कोणी विचारेल. वाशीम १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते आणि बुलढाण्याची पूर्णाकाठची गावे अकोल्याच्या गावांपेक्षा काही निराळी नाहीत. कुठेतरी हात आवरता घ्यावा लागतो, एवढेच त्याचे उत्तर. शिवाय सातपुड्याच्या माथ्यापासून अजिंठ्याच्या डोंगररांगेपर्यंतचा सगळा उतार-चढाव या दोन जिल्ह्यांत पुरा सापडतो.

तो उतार उत्तरेकडून पाहू. चिखलदऱ्याजवळचे बैराट हे गाविलगड रांगेतले सर्वांत उंच ठिकाण, समुद्रसपाटीपासून ११७७ मीटरांच्या आसपास. अकोल्यात वर्षाकाठी साडेसातशे मिलीमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. चिखलदऱ्याला त्याच्या दुपटीने. पण डोंगरावर पडलेले पाणी डोंगराला मिळत नाही. बेसाल्टच्या उतारावरून ते सिपना, गाडगा, खापरा या नद्यांवाटे तापीला जाते, किंवा दक्षिणेला उतरून शहानूर, चंद्रभागा, वान या नद्यांवाटे पूर्णेला. दिवाळी उलटली की वरच्या गावांत हातपंपाचा दांडा हलका लागू लागतो. हा मेळघाट.

परतवाड्याला घाट संपतो आणि एकाएकी सपाटी लागते. ही सपाटी म्हणजे पयानघाट, पूर्णेचे खोरे. पूर्णा मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, भैसदेहीजवळ उगम पावते, अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. दक्षिणेकडून तिला पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा, मन या नद्या येऊन मिळतात. अकोला शहर मोर्णेवर आहे. त्याच्याही दक्षिणेला पातूर, बार्शीटाकळीकडे जमीन पुन्हा चढू लागते, माती उथळ होते, मुरूम वर येतो. अमरावती जिल्ह्याचा पूर्वभाग मात्र या खोऱ्यातच येत नाही. चांदूर रेल्वे, तिवसा, मोर्शी, वरूडचे पाणी वर्धा नदीला जाते आणि पुढे गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला. भातकुलीचे पाणी पेढी, पूर्णा, तापी असे करत अरबी समुद्राला पोचते. एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते आणि ते वेगळे करणारी उंचवट्याची रेघ अमरावती शहराच्या जवळून जाते. पोहऱ्याच्या जंगलाकडे जाताना ती आपण ओलांडतो, पण पायाला काही जाणवत नाही.

आता खारपाणपट्टा. या विषयावर मी जास्त पाने खर्च केली आहेत, कारण महाराष्ट्राच्या इतर भागांतल्या वाचकाला त्याची कल्पनाच नसते. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत विहिरीचे पाणी खारट कसे, असा प्रश्न पुण्यामुंबईत हमखास विचारला जातो. पूर्णेच्या दोन्ही काठांना, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून जास्त जमीन आणि नऊशेच्या आसपास गावे या पट्ट्यात येतात. दर्यापूर तालुका जवळजवळ सगळा. भातकुली, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोला, अकोट, तेल्हारा, बाळापूर यांचे नदीकडचे भाग. जमिनीखाली नदीने आणलेला गाळ आहे, तोही थोडाथोडका नव्हे, कित्येक ठिकाणी शेकडो मीटर. चिकण काळी माती, उतार नाममात्र, पाण्याला वाहून जायला वाट नाही. युगानुयुगे साचलेले क्षार त्या गाळात अडकून राहिले आहेत. विहीर खणा की बोअर मारा, वर येते ते खारे पाणी.

हे पाणी म्हणजे काय ते घरात गेल्यावर कळते. तुरीचे वरण शिजत नाही; डाळ तासभर उकळली तरी दाणा दाताखाली येतो. साबणाला फेस येत नाही. चहा नासतो. पितळी गुंडाला आठवड्याभरात पांढरा थर धरतो आणि तो चिंचेनेही निघत नाही. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या गावांत पिढ्यान्पिढ्या आहे. सोयरीक ठरवताना मुलीकडचे शेती किती, घर कसे, हे विचारतातच, पण त्याआधी विचारतात, ‘‘पाणी गोडं हाये का तुमच्या गावचं?’’ उत्तर नाही असले तर बोलणे पुष्कळदा तिथेच थांबते. गोड्या पाण्याच्या गावातून आलेली सून पहिली काही वर्षे माहेरच्या पाण्याची आठवण काढते, आणि सासूही तिला त्यावरून बोलत नाही, कारण तीही तशीच आलेली असते.

शेतीची गोष्ट जरा उलटी आहे. माती उत्तम आहे, खोल आहे, ओल धरून ठेवते. वैशाखात जमिनीला इतक्या रुंद भेगा पडतात की त्यात मनगटापर्यंत हात जावा. पाऊस आला की त्याच भेगा पाणी पितात आणि मिटतात. मग पांदण रस्ते बंद. चपलेचा अंगठा तुटतो, बैलाचे खूर रुततात आणि शेतात जायचे तर वाफसा येईपर्यंत वाट पाहायची. खरिपाला कापूस, तूर, मूग, हल्ली सोयाबीन. आणि पावसाळ्यात जमीन मोकळी ठेवली असेल तर नुसत्या ओलीवर हरभरा. तो हरभरा एकही पाणी न देता येतो आणि चवीला असा की बाजारात वेगळा ओळखू यावा. पण या जमिनीला विहिरीचे पाणी देऊ लागले की काही वर्षांत तिचे चोपण होते, पाणी वरच तुंबते, ढेकूळ दगडासारखे कडक. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या पायाखाली पाणी आहे, त्यालाच ते वापरता येत नाही. ‘ओलिताखालील क्षेत्र’ हा रकाना दर्यापूर तालुक्यात इतका रिकामा का, याचे कारण आळस किंवा भांडवलाचा अभाव असे शोधणाऱ्यांनी एकदा इथे येऊन त्या विहिरीतले ओंजळभर पाणी तोंडात घ्यावे. पावसाचे पाणी साठवणाऱ्या शेततळ्यांनी गेल्या दहा-पंधरा वर्षांत काही गावांत हे चित्र थोडे बदलले आहे. त्यांची हकीकत त्या त्या प्रकरणात येईलच.

या खारेपणाचा एक राजकीय अध्यायही आहे. १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा वऱ्हाडापुढे अडचण होती की समुद्र नाही, मीठ कुठून आणायचे? ती अडचण दहीहंड्याच्या विहिरीने सोडवली. अकोला जिल्ह्यातल्या या गावात विहिरीच्या खाऱ्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला. पिण्याला नालायक ठरलेल्या पाण्याचा असा उपयोग देशात फार थोड्या ठिकाणी झाला असेल.

आता नकाशावर एक बोट ठेवा अचलपूरवर आणि ते पश्चिमेला सरकवत न्या. अंजनगाव सुर्जी, अकोट, हिवरखेड, तेल्हारा. सगळी जुनी आणि गजबजलेली गावे, सगळी सातपुड्याच्या पायथ्याशी, एका ओळीत. ही ओळ कुणी आखली नाही. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या पायथ्याशी दगडगोटे आणि वाळू टाकून पुढे जातात. त्या भरड थरात पाणी मुरते, ते गोड असते आणि वर्षभर पुरते. त्याच्या खाली, दक्षिणेला, दोन-तीन तासांच्या पायवाटेवर पाणी खारे होऊ लागते. म्हणून वऱ्हाडची सत्ता या ओळीवर बसली. अचलपूर ही वऱ्हाडची जुनी राजधानी. १४९० पासून इमादशाहीची, नंतर सुभेदारांची आणि नबाबांची. तिच्या पाठीशी गाविलगड, पश्चिमेला नरनाळा. १८०३ सालचे दुसरे इंग्रज-मराठा युद्ध दक्षिणेत याच पायथ्याशी संपले: २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला आणि तिच्या जनावरांना प्यायला पाणी कुठे मिळाले असेल, याचा विचार लष्करी इतिहासकार फारसा करत नाहीत.

पायथ्याच्या पट्ट्यातली शेतीही निराळी आहे. अकोट-अंजनगावकडे केळी, पानमळे, आणि पानपिंपळीसारखे पीक, जे महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच दिसते. पानपिंपळीला सावली लागते, सतत ओल लागते, बारी समाजाची पिढीजात नजर लागते. मळ्यात शिरले की बाहेरच्या बेचाळीस अंशांतून एकदम दुसऱ्याच ऋतूत आल्यासारखे वाटते. पूर्वेला अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड हा संत्र्यांचा मुलूख. इथे गोडे पाणी आहे, पण तेच आता संपत चालले आहे. मोर्शी-वरूडमध्ये भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला, बोअर आठशे-हजार फुटांवर गेले आणि एखाद्या वाईट उन्हाळ्यात टँकरने पाणी घालून झाडे जगवावी लागली. खारपाणपट्ट्यात पाणी असून घेता येत नाही. संत्रापट्ट्यात घेता आले म्हणून उरले नाही. एकाच जिल्ह्यातल्या या दोन गोष्टी आहेत आणि जिल्ह्याची ‘सरासरी भूजलपातळी’ दोन्हींवर पांघरूण घालते.

गोड्या पाण्याची ही ओळ मागे कशी पडली? १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा भुसावळ-नागपूर मार्ग वऱ्हाडातून गेला. तो पायथ्याने गेला नाही. पूर्णेच्या दक्षिणेने, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा गेला, आणि बडनेऱ्याहून अमरावतीला एक छोटा फाटा निघाला. त्याच वर्षी वऱ्हाडची पहिली शिरगणती झाली. हा योगायोग म्हणता येईल, पण इंग्रजांना कापूस किती आणि माणसे किती, हे दोन्ही एकाच वेळी जाणून घ्यायचे होते. १८५३ च्या तहाने हा मुलूख निजामाकडून त्यांच्याकडे आला होता, आणि शिरगणतीपाठोपाठ १८७० साली ए. सी. लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटिअर आले. रेल्वेने अकोला आणि अमरावती वाढवली. सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने, दलालांच्या पेढ्या, मारवाडी आणि कच्छी दुकाने, कचेऱ्या, शाळा, सगळे रुळांकडे सरकले. १९०५ साली एलिचपूर, म्हणजे अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हाही अमरावतीत विलीन झाला. पुढे अचलपूरचा कापूस मूर्तिजापूरच्या रुळांवर आणायला अरुंद रुळांची शकुंतला गाडी आली, ती १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली आणि आता बंद आहे. २०११ ला अचलपूर नगरपालिकेत सव्वा लाखाच्या आत माणसे होती, अमरावतीत साडेसहा लाख, अकोल्यात सव्वाचार लाख. राजधानीचे तालुक्याचे ठिकाण व्हायला पन्नास वर्षेही पुरली. रेल्वेने वाढवलेल्या शहरांना पाणी मात्र दुरून आणावे लागले. अमरावती मोर्शी तालुक्यातल्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी पिते, अकोला महानच्या काटेपूर्णा धरणाचे. मोर्णेच्या पाण्यावर अकोल्याची तहान भागली असती तर तिच्या आजच्या अवस्थेवर कदाचित कुणी लक्ष दिले असते.

कापसाविषयी लिहिताना मला अमेरिकेकडे वळावे लागते, आणि ते उगाच नाही. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध झाले, दक्षिणेतल्या संस्थानांतला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मिसिसिपी राज्यात इसाक्वीना नावाची एक काउंटी आहे, आपल्या एखाद्या तालुक्याएवढी. मिसिसिपीच्या गाळाची खोल काळी माती, सपाट शिवार, कापूस. १८६० च्या गणनेत तिथल्या लोकसंख्येत ९२ टक्क्यांहून जास्त गुलाम होते. सबंध अमेरिकेत इतके प्रमाण दुसऱ्या काउंटीत नव्हते. आज, २०२० च्या गणनेप्रमाणे, त्या काउंटीत १३३८ माणसे उरली आहेत. दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या साधारण गावातही याहून जास्त भरतील. टेक्सासमधली लव्हिंग काउंटी तर आणखी पुढची, सतराशे चौरस किलोमीटरांहून मोठी आणि गणनेत माणसे ६४. पण ती मुळातच कोरडी, तिची गोष्ट सोडून देऊ. इसाक्वीनाची जमीन सुपीक आहे, पाणी भरपूर आहे, तरी माणसे गेली. गुलामगिरी गेल्यावरही कुळे म्हणून राबणाऱ्या काळ्या मजुरांची तिथे गरज होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बोंडे वेचणारे यंत्र शेतात उतरले आणि ती गरज संपली. लोक शिकागो-डेट्रॉइटकडे निघून गेले.

वऱ्हाडात ते यंत्र अजून आलेले नाही. इथे कापूस हाताने वेचला जातो आणि वेचणाऱ्या बहुतेक बाया असतात. कार्तिकात सकाळी सातला ऑटोत दाटीवाटीने बसून त्या निघतात, कमरेला ओटी बांधतात, किलोवर मजुरी घेतात. संध्याकाळी काट्यावर वजन होते तेव्हा दोन-चार किलोंवरून बाचाबाची ठरलेलीच. शेतकरी म्हणतो मजूर मिळत नाही, मजूर म्हणते भाव परवडत नाही, आणि दोघांचेही खरे असते. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते, आणि तेव्हापासून या भागाची बाहेरची ओळख शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरच येऊन थांबली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. पण हाताने वेचल्या जाणाऱ्या कापसाने ही गावे भरलेली ठेवली आहेत, आणि ज्या दिवशी लहान शेतात चालणारे वेचणी-यंत्र परवडू लागेल त्या दिवशी या पुस्तकातले लोकसंख्येचे तक्ते जुने होतील. ते चांगले की वाईट, हे ठरवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. वेचणीने फुटलेली बोटे ज्यांची आहेत त्यांनी ते सांगावे.

गावे रिकामी होणे वऱ्हाडाला नवीन नाही. तलाठ्याच्या दप्तरात अशी शेकडो गावे आहेत ज्यांना नाव आहे, नंबर आहे, शिवार आहे, पण माणूस नाही. कुठे त्यांना ओसाड म्हणतात, कुठे रिठी. जवळ गेले तर एखादे मारुतीचे ठाणे, चिंचेचे झाड आणि नांगराने वर आलेले खापराचे तुकडे सापडतात. अठराव्या शतकात इथला वसूल निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांत वाटला जाई. दोन धनी असले की रयतेला कोणीच वाली उरत नाही, त्यात पेंढाऱ्यांचे हल्ले. काही गावे तेव्हा उठली. काही पटकीने. आणि काही नुसती विहीर आटली म्हणून; शेते तिथेच राहिली, माणसे शेजारच्या गोड्या पाण्याच्या गावी राहायला गेली आणि तिथून येऊन जमीन कसू लागली. मोठा घाव १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांचा. १८९१ साली सबंध वऱ्हाडची लोकसंख्या २९ लाखांच्या जवळ पोचली होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. दहा वर्षांत वाढण्याऐवजी कमी झाली. धान्याऐवजी कापूस लावणाऱ्या प्रदेशाला दुष्काळात काय सोसावे लागते, हे त्या दशकाने दाखवले.

माणसांविषयी आता थोडे. अकोला जिल्ह्यात दर पाचांतला एक माणूस अनुसूचित जातीचा आहे, अमरावतीत सहांतला एक; १९५६ नंतर त्यांतले बहुसंख्य बौद्ध झाले आणि या जिल्ह्यांच्या राजकारणाला, वाचनालयांना, वसतिगृहांना त्यांनी जे वळण दिले ते तालुक्यांच्या प्रकरणांत जागोजाग दिसेल. अचलपूर, बाळापूर, अकोट, पातूर या जुन्या कसब्यांत मुसलमान वस्ती दाट आहे आणि त्यांची उर्दू वऱ्हाडी वळणाची आहे. कुणबी, माळी, तेली, धनगर, बारी, बंजारा, सगळेच आहेत. पापळचे पंजाबराव देशमुख, शेंडगावचे गाडगेबाबा, यावलीचे तुकडोजी महाराज: तिघेही अमरावती जिल्ह्यातल्या लहान गावांतले, तिघांनी आपापल्या रीतीने खेड्यावर बोट ठेवले. त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ आहेत म्हणून मी इथे नावापुरतेच थांबतो.

मेळघाटातल्या कोरकूंविषयी मात्र थांबता येत नाही, कारण जनगणनेचे कोडे तिथेच सर्वांत अवघड होते. कोरकू भाषा मराठीची नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे झारखंडच्या संथाळी-मुंडारीच्या नात्यातली, त्या कुळातली सर्वांत पश्चिमेची. वर तीनशेहून जास्त गावे आहेत आणि डोंगरातली शेती पावसावर. खरीप हाती आला की घरटी दोघे-तिघे खाली उतरतात, अचलपूर, अकोट, दर्यापूरकडे. सोयाबीन सोंगायला, कापूस वेचायला, हरभरा काढायला. लहान मुले बरोबर, अंगणवाडीचा आहार वर राहिलेला. ते परत येतात होळीला, कारण होळी हा त्यांचा वर्षाचा सण. आता शिरगणती फेब्रुवारीत होते. २०११ ची गणना झाली तेव्हा होळी १९ मार्चला होती. प्रगणक वर गेला असेल तेव्हा किती घरांना कडी असेल, आणि दर्यापूरच्या शिवारात पाल ठोकून राहिलेल्या किती कुटुंबांकडे कोण गेले असेल, हे ज्याने त्याने ठरवावे. २०२१ ची गणना झालीच नाही. पुढची २०२७ ची, १ मार्च हा तिचा संदर्भ दिवस. त्या साली होळी पुन्हा २२ मार्चच्या आसपास येते.

याच लोकांतले काही कायमचेही उतरले आहेत. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ चा. २००१ नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून उठवून अकोट तालुक्यात वसवली गेली, मग आणखी गावे आली. डोंगरातला झरा सुटला, नळ मिळाला, रस्ता मिळाला, आणि महू, तेंदू, चारोळी गेली. अकोला जिल्ह्यातला अनुसूचित जमातींचा टक्का २०११ ला साडेपाचच्या आसपास होता; अकोट-तेल्हाऱ्यात तो आता किती आहे हे पुढच्या गणनेत कळेल.

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, ऊन. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हामुळे जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. दुपारच्या शिकवण्या बंद, कामाच्या वेळा बदललेल्या. यापुढे या जिल्ह्यांचा भूगोल लिहिताना उन्हाचे प्रकरण वेगळे लागेल, या पुस्तकात ते नाही. दुसरी, रस्ते. अमरावती-अकोला रस्ता वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकोला-अकोट मार्गावरचा पूर्णेवरचा गांधीग्रामचा ब्रिटिशकालीन पूल धोकादायक म्हणून बंद करावा लागला आणि अकोट तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून तुटला. नव्याने रुंद झालेल्या रुळांवरून सुमारे महिन्याभराने गाडी सुरू झाली तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी याच गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडींत भरून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. दोन्ही काठांच्या विहिरी खाऱ्या, नदीचे पाणी मात्र देवाला चालते.

खारपाणपट्ट्यातल्या गावांना आज पायथ्याच्या धरणांतून नळाने पाणी जाते. वानच्या पाण्यावर चालणारी चौऱ्याऐंशी खेडी योजना लोकांच्या तोंडी आहे, शहानूरचे पाणी दर्यापूर-अंजनगावकडे उतरते. जुन्या गोड्या पाण्याची ओळ अशी नळातून दक्षिणेला सरकली आहे, आणि त्याबरोबर भांडणेही. वानचे पाणी तेल्हाऱ्याच्या शेताला द्यायचे की बाळापूरच्या गावांना प्यायला, यावर दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले आहेत. दोन्ही बाजूंचे म्हणणे मी त्या त्या तालुक्यात दिले आहे आणि निकाल दिलेला नाही. लोकसंख्येचे आकडे सगळीकडे २०११ चे आहेत. तालुक्यांच्या हद्दी आजच्या. दर्यापूरचे प्रकरण सर्वांत लांबले आहे, वाचकाने हवे तर तिथूनच सुरुवात करावी.